कासदाहाच्या उपचारानंतर गोबरगॅसचा गॅस निम्म्यावर: दोष प्रतिजैविकांचा की आणखी कशाचा?

येरळाकाठ (पलूस तालुका)

नमस्कार. ४० संकरित गाईंचा गोठा आहे. गोबरगॅस तरंगत्या टाकीचा, २५ घनमीटरचा. पाचक टाकीचं आकारमान साधारण ५० घनमीटर. रोज ६०० किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून सोडतो. दिवाळीपर्यंत रोज २३-२४ घनमीटर गॅस मिळत होता. आता १३ वर आलाय. ज्योत पिवळी पडते, मधेच विझते. पचून बाहेर येणाऱ्या स्लरीला (पातळ शेणकाल्याला) आंबूस वास आहे.

गेल्या तीन आठवड्यांत ४ गाईंना कासदाह झाला. त्यांना सडात ट्यूब आणि ५ दिवस एन्रोफ्लॉक्सासिनची इंजेक्शनं दिली. आणखी ५ गाईंची खुरं सडली होती, त्यांना ऑक्सिटेट्रासायक्लिनचं लाँग ॲक्टिंग इंजेक्शन ७२ तासांच्या अंतराने दोनदा दिलं. या नऊ गाईंचं दूध डेअरीला घालत नाही. गोठा धुतलेलं पाणी, शेण, मूत्र सगळं एकाच गटारीतून मिश्रण टाकीत येतं.

प्रश्न असे: प्रतिजैविकांमुळे मिथेन करणारे जिवाणू मेले असतील का? टाकी रिकामी करून नव्याने भरावी लागेल का? आणि उपचार सुरू असलेल्या गाईंचं शेण पुढे किती दिवस बाजूला ठेवायचं?

टायट्रेशनवाला_मिरज

टाकी रिकामी करायची घाई करू नका. आधी हिशोब मांडू.

४०० किलोच्या गाईला ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागे २० मिलिग्रॅम धरलं तर एका वेळी ८ ग्रॅम. पाच गाई, दोन वेळा, म्हणजे ८० ग्रॅम. एन्रोफ्लॉक्सासिन किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसाला २ ग्रॅम, पाच दिवस, चार गाई: ४० ग्रॅम. यातला कणही शरीरात मोडला नाही आणि सगळा टाकीत आला, असं सर्वांत वाईट धरू. ५० घनमीटरमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिन १.६ आणि एन्रोफ्लॉक्सासिन ०.८ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. प्रत्यक्षात याहून कमीच असणार. काही भाग शरीरात बदलतो, काही रोज स्लरीबरोबर बाहेर जातो, आणि ही दोन्ही औषधं शेणाच्या घन कणांना घट्ट चिकटतात. चिकटलेलं औषध जिवाणूच्या पेशीत सहज शिरत नाही. शेणाच्या टाकीत ऑक्सिटेट्रासायक्लिनमुळे गॅस ठळकपणे पडायला साधारणपणे दहा मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतं. तेव्हा एकट्या प्रतिजैविकांनी गॅस ४५ टक्के पाडला, हे मला पटत नाही. धक्का मात्र दिला असेल, आणि तो कुठे बसतो हे समजून घेण्यासारखं आहे.

मिथेन करणारे जीव मुळात बॅक्टेरियाच नाहीत. ते आर्किया, वेगळं कूळ. बॅक्टेरियाच्या पेशीभित्तीत असतो तो पेप्टिडोग्लायकन नावाचा पदार्थ त्यांच्यात नसतो, त्यामुळे पेनिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सेफ्टियोफर या औषधांना तिथे धरायला जागाच नाही. टायलोसिन, एरिथ्रोमायसिन यांचाही त्यांच्यावर थेट परिणाम फारसा होत नाही, कारण हे औषध रायबोसोमवर (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर) जिथे बसतं ती जागा आर्कियात वेगळी असते.

मार बसतो तो मधल्या फळीला. शेणातले तंतू आणि प्रथिनं आधी फुटतात, मग त्यांची आम्लं होतात. त्यातलं प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल मिथेनवाल्यांना थेट खाता येत नाही. सिंट्रोफोबॅक्टर, सिंट्रोफोमोनास यांसारखे खरे बॅक्टेरिया त्याचं असेटिक आम्ल आणि हायड्रोजन करून देतात, तेव्हा पुढचं ताट वाढलं जातं. हे मधले बॅक्टेरिया अगदी हळू वाढतात, दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतात, आणि प्रतिजैविकांना बळी पडतात. आम्ल करणारे मात्र संख्येने प्रचंड आणि जातीने अनेक; काही मेले तरी दुसरे जागा घेतात. म्हणून वरून आम्ल येत राहतं, मधे तुंबतं, पीएच घसरतो आणि मग मिथेनवालेही मंदावतात. आंबूस वास त्याचाच.

आता मोजमाप. पीएच पट्टीवर विसंबू नका. शेणाच्या टाकीत क्षारता (आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद) भरपूर असते, त्यामुळे पीएच सर्वांत शेवटी हलतो.

बाहेर येणारी स्लरी आधी कापडातून, मग गाळण कागदातून गाळा. २० मिली घ्या. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमधून सोडत पीएच मीटरवर ५.० पर्यंत या. लागलेले मिली म्हणजे 'क'. तिथून ४.४ पर्यंत लागलेले म्हणजे 'ख'.

क्षारता = क × २५०
बाष्पशील आम्लं = (ख × १.६६ − ०.१५) × ५००

दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. बाष्पशील आम्लं म्हणजे वर सांगितलेली असेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक वगैरे. आम्लं भागिले क्षारता ०.३ च्या आत असेल तर टाकी ठीक. ०.४ च्या वर गेलं की चारा, म्हणजे टाकीत रोज सोडायचं शेण, कमी करा. ०.८ च्या पुढे टाकी आंबलीच समजा. नमुना काढल्यावर तासाभरात हे टायट्रेशन (आम्ल सोडत केलेली मोजणी) करा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड उडून आकडा बदलतो.

गॅसही तपासा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये गॅस ओढा, त्यात १० टक्के कॉस्टिक सोड्याचं ५ मिली द्रावण घ्या, तोंड बंद करून हलवा. जेवढं आकारमान घटेल तेवढा कार्बन डायऑक्साइड. ३५ ते ४० टक्के नेहमीचं. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, कॉस्टिक डोळ्यात गेला तर डोळा जातो.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत: डेअरीला न घातलेलं दूध कुठे जातं, आणि खुरांसाठी पाय बुडवायला काय वापरलं?

बागायतदार_तासगाव

दोन पोती चुना टाका, आंबटपणा जाईल.

टायट्रेशनवाला_मिरज

दादा, चुना नको. विझवलेला चुना एकदम पडला की ज्या भागात पडतो तिथे पीएच उसळतो, टाकीतला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर होऊन तळाशी बसतो. क्षारता द्यायचीच तर खाण्याचा सोडा. घनमीटरला १ किलो सोडा म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर क्षारता. महाग आहे, पण कितीही टाकला तरी पीएच हाताबाहेर जात नाही.

गोठ्याचे_डॉक्टर (कोरेगाव)

औषधानुसार शेणाचं काय करायचं ते सांगतो, कारण सगळी प्रतिजैविकं एका मापाने मोजता येत नाहीत.

पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गट: सडातली क्लॉक्सासिलिनची ट्यूब बहुतांशी दुधातूनच बाहेर येते. शेणात आलेला अंश टाकीत काही दिवसांत मोडतो. टाकीच्या दृष्टीने हा गट सर्वांत कमी त्रासाचा.

ऑक्सिटेट्रासायक्लिन: बराचसा भाग न बदलता मूत्र आणि शेणातून बाहेर पडतो. लाँग ॲक्टिंग असल्यामुळे इंजेक्शननंतर आठवडाभर येतच राहतो. टाकीत हळूहळू मोडतं, त्याला कित्येक आठवडे लागतात.

एन्रोफ्लॉक्सासिन: गाईच्या शरीरात याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे माणसाला देतो तेच औषध. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत हे जवळपास मोडतच नाही. घन कणांना चिकटून स्लरीबरोबर शेतात जातं.

आणखी एक गट विसरला जातो, तो म्हणजे मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी असतात. विटा-खानापूरकडे गॅस वाढावा म्हणून टाकीत कोंबडखत घालतात, त्यातून ही औषधं येतात. हायड्रोजन आणि असेटिक आम्ल करणाऱ्या ग्रॅम पॉझिटिव्ह (जाड पेशीभित्तीच्या) बॅक्टेरियांवर ती चालतात. गाईच्या पोटातला मिथेन कमी होतो तो याच कारणाने. वर कोंबडखतातल्या अमोनियाचा भार वेगळाच. कोंबडखत घालत असाल तर आधी ते बंद करा.

शेण बाजूला ठेवण्याबद्दल: शेवटच्या मात्रेपासून ट्यूबवाल्या गाईचं ३ दिवस, एन्रोफ्लॉक्सासिनचं ५ ते ७ दिवस, लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिनचं १० दिवस. हा माझा व्यवहारी अंदाज आहे, कायद्याचा आकडा नव्हे. दुधाचं मात्र कायद्याने आहे. २०१२ पासून औषधाच्या लेबलवर दूध थांबवण्याचा काळ छापावा लागतो, आणि तो ठरवलेला नसेल तिथे किमान ७ दिवस धरायचे. ते दूध वासरांनाही पाजू नका. वासराच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात, आणि ते शेणातून पुन्हा गोठ्यात फिरतात.

मूत्राची गटार वेगळी करणं जमलं तर उत्तमच. नऊ गाई एका कोपऱ्यात बांधून त्या कोपऱ्याचा उतार वेगळ्या खड्ड्याकडे काढणं, एवढ्या विटाकामात काम होतं.

येरळाकाठ

मोजमाप केलं. पीएच ६.७. क = ११.४ मिली, ख = २.६ मिली. कार्बन डायऑक्साइड ४६ टक्के. टाकीतल्या स्लरीचं तापमान सकाळी २४ अंश.

दूध रोज ६० लिटर, दहा दिवस मिश्रण टाकीत ओतलं. खुरांसाठी १५० लिटरची पायकुंडी, ५ टक्के मोरचूद (कॉपर सल्फेट). ती दोनदा बदलली, जुनं पाणी गटारीत सोडलं. कोंबडखत घालत नाही.

टायट्रेशनवाला_मिरज

क्षारता २८५०, आम्लं सुमारे २०८०, गुणोत्तर ०.७३. टाकी आंबायच्या वाटेवर आहे, अजून आंबलेली नाही.

दुधाचा हिशोब बघा. लिटरभर दुधाचा सीओडी (त्यातलं सेंद्रिय द्रव्य पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) सुमारे २०० ग्रॅम. ६० लिटर म्हणजे रोज १२ किलो. तुमच्या ६०० किलो शेणात जळणारा सेंद्रिय भाग ८० किलोच्या आसपास, पण टाकीत त्यातला तिसरा हिस्साच फुटतो. म्हणजे रोज खरोखर पचणाऱ्या २५-३० किलोवर १२ किलोची भर पडली, तीही साखर आणि स्निग्धांशाची. दुधातली साखर काही तासांत आम्ल होते. एरवी या दुधातून रोज ६-७ घनमीटर जादा गॅस यायला हवा होता. गॅस वाढायच्या ऐवजी पडला, याचा अर्थ आम्ल तयार झालं पण ते खाणारे कमी पडले.

आता मोरचूद. १५० लिटरमध्ये ५ टक्के म्हणजे ७.५ किलो, दोन वेळचं १५ किलो. मोरचुदात तांबं पाव हिश्शाहून थोडं जास्त, म्हणजे ३.८ किलो. ५० घनमीटरमध्ये ७६ मिलिग्रॅम प्रति लिटर! प्रतिजैविकांच्या २.४ शी ताडून बघा. आणि हे मोडून संपत नाही. तासगावच्या मंडळींना बोर्डो मिश्रण नवीन नाही. जे मोरचूद द्राक्षावरची बुरशी मारतं, ते टाकीतल्या जिवाणूंना सोडणार नाही.

दिलासा एवढाच की टाकीतल्या सल्फाइडशी तांबं जोडलं गेलं की कॉपर सल्फाइड होऊन तळाशी बसतं आणि विष बरंचसं उतरतं. मोरचुदाबरोबर सल्फेटही येतं, जिवाणू त्याचं सल्फाइड करतात. पण त्याला वेळ लागतो, आणि तांबं पहिल्या तासापासून काम करतं. म्हणून कुंडी एकदम रिकामी केली तेव्हाचा धक्का सर्वांत मोठा. सोडियम सल्फाइड टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

थंडीचाही वाटा आहे. २४ अंशांवर मधल्या फळीची वाढ आणखी मंदावते.

उपाय या क्रमाने करा:

आजपासून दूध आणि कुंडीचं पाणी टाकीत बंद. चारा निम्मा, ३०० किलो निरोगी गाईंचं शेण, १० दिवस. शेण कालवायला दुपारी उन्हात तापलेलं पाणी घ्या.

५ घनमीटर स्लरी बाहेर काढा आणि शेजारच्या चालू, निरोगी गोबरगॅसची ५००० लिटरची एक टँकर स्लरी आत घ्या. हे विरजण. ज्या गोठ्यात महिनाभरात उपचार झालेले नाहीत तिथलंच घ्या, आणि मिश्रण टाकीतली ताजी नको, निर्गम टाकीकडची, म्हणजे पचून बाहेर पडणारी, घ्या. ताज्या शेणकाल्यात मधल्या फळीचे जिवाणू फार थोडे असतात.

सोडा २५ किलो, रोज ५ किलो पाण्यात विरघळवून. त्यावर दर तिसऱ्या दिवशी टायट्रेशन. गुणोत्तर ०.४ खाली आलं की चारा दर चार दिवसांनी १०० किलोने वाढवा. वाढवल्यावर पुन्हा चढलं तर एक पायरी मागे या.

पुढच्या वेळी खात्री हवी असेल तर बाटल्या लावा. एक लिटरच्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत ५०० मिली निरोगी विरजण. तुमच्या टाकीचं विरजण या चाचणीला चालणार नाही, ते आधीच मार खाल्लेलं आहे. पहिलीत नुसतं विरजण. दुसरीत अधिक ५० ग्रॅम निरोगी शेण आणि ५० मिली पाणी. तिसरीत निरोगीऐवजी इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं शेण-मूत्र. चौथीत दुसरीसारखंच, वर कुंडीचं साडेतीन मिली पाणी. पाचवीत दुसरीसारखंच, वर ७ मिली निरोगी गाईचं दूध. प्रत्येकीच्या तीन प्रती, नाहीतर एका गळक्या बुचाने निष्कर्ष फसतो. बल्ब आणि थर्मोस्टॅट लावलेल्या थर्माकोलच्या पेटीत ३५ अंशांवर ठेवा. गॅस कॉस्टिकच्या १२ टक्के द्रावणातून नेला की कार्बन डायऑक्साइड तिथेच राहतो आणि सरकलेलं पाणी म्हणजे मिथेन. पहिलीचा आकडा प्रत्येकातून वजा करा.

आकडा वाचताना वेगळं बघा: उशिरा सुरू होऊन शेवटी बरोबरीला आली तर जिवाणू सावरले. सुरूच झाली नाही किंवा कायम खाली राहिली तर विष अजून आहे.

कराड_कंपोस्ट

बाजूला काढलेल्या शेणासाठी: चार-पाच किलो शेणाला एक किलो चिरलेलं पाचट, ढीग किमान दीड मीटर उंच. ओंजळीत दाबल्यावर बोटांत ओल लागावी, पाणी ठिबकू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत ५५ अंश यायला हवेत. आठवड्याने पलटी, अशा किमान चार. हवा आणि उष्णता मिळाली की ऑक्सिटेट्रासायक्लिन टाकीपेक्षा बरंच जलद मोडतं. एन्रोफ्लॉक्सासिन इथेही चिवट आहे. टाकून द्यायचं दूध थोडं थोडं याच ढिगात जिरवा. एका जागी ओतलंत तर तिथली हवा कोंडून वास सुटतो.

कुंडीचं पाणी कंपोस्टमध्येही घालू नका. तांबं कुठेच जात नाही, शेवटी जमिनीतच साठतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. गॅस पूर्ववत झाला म्हणजे स्लरी स्वच्छ झाली असं धरू नका. मिलिग्रॅमच्याही खाली, जिथे टाकीला काही जाणवत नाही, तिथे औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडले जातात आणि आपली जनुकं एकमेकांना देतात. ३०-३५ अंशांच्या टाकीत त्यांची संख्या घटते, पण संपत नाही. त्यामुळे उपचारांच्या काळातली स्लरी उसाला लागणीच्या सरीत किंवा बांधणीच्या वेळी मातीआड द्या. कोथिंबीर, मेथी, काकडी, कच्चं खायचं काहीही असेल तिथे नको. पाटाच्या पाण्यात सोडून येरळेत वाहू देऊ नका.

येरळाकाठ

२६ दिवसांनंतरचे आकडे: पीएच ७.१, क = १३.२, ख = १.२, गुणोत्तर ०.२८. कार्बन डायऑक्साइड ३९ टक्के. चारा ५०० किलोवर, गॅस १७ घनमीटर, ज्योत निळी. आजारी गाईंच्या कोपऱ्याला वेगळा उतार काढला.

बाटल्यांचा १८ दिवसांचा कल: उपचारातल्या शेणाची बाटली चार-पाच दिवस मागे राहिली, आता दुसरीच्या जवळ आलीय. दुधाची सुरुवातीला अडखळली, मग पुढे गेली. मोरचुदाची अजून निम्म्यावरही नाही.

पायकुंडीला मोरचुदाऐवजी काय वापरावं, डॉक्टर?

गोठ्याचे_डॉक्टर

आधी कुंडीच्या अलीकडे साध्या पाण्याची एक कुंडी ठेवा. शेणाने भरलेली खुरं थेट औषधात गेली की औषध तिथेच वाया जातं आणि कुंडी लवकर बदलावी लागते. झिंक सल्फेट चालतं, पण तोही जड धातूच, गटारीत सोडायचा नाही. फॉर्मेलिन बंद गोठ्यात नको, श्वासाला वाईट, आणि टाकीतल्या जिवाणूंनाही मारक. जखम असलेल्या चार-पाच गाईंसाठी १५० लिटरची कुंडी भरूच नका. खुरं धुऊन, कोरडी करून, औषध हातपंपाने फवारा. एका गाईला पाव लिटरही लागत नाही. गोठ्याची जमीन कोरडी राहिली तर पुढच्या पावसाळ्यात इंजेक्शनंही कमी लागतील.

येरळाकाठ

कुंडीत अजून ९० लिटर जुनं पाणी आहे. त्याचं काय करू?

टायट्रेशनवाला_मिरज

प्लास्टिकच्या पिंपात काढा. विझवलेला चुना पाण्यात कालवून तो गढूळ काला ढवळत घालत पीएच ९ वर आणा, रात्रभर निवळू द्या. तांबं निळसर गाळ होऊन खाली बसेल. वरचं पाणी पारदर्शक, बिनरंगी असलं पाहिजे. निळसर छटा दिसली तर आणखी थोडा चुन्याचा काला. गाळ कापडातून गाळून, वाळवून, पिशवीत बंद करून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या, उकिरड्यावर नको. वरचं पाणीही टाकीत सोडू नका, गोठ्यापासून लांब आळ्यात जिरवा.

इथे चुना योग्य आहे, तासगावकर दादा.